मागवला दाबमापक, आला तापमापक

पहिल्या खेपेचे चार सेन्सर हातात पडले त्याच संध्याकाळी मी त्यातला एक पाण्याच्या भांड्यात सोडला, रीडिंग शून्यावर आणलं आणि पाणी २५ अंशांवरून ३७ अंशांवर नेलं. भांडं उघडं, पाण्याची पातळी तीच, दाब बदलायला काही कारणच नाही. तरी स्क्रीनवरचा आकडा शांतपणे उतरत गेला आणि उणे ३४ मिमी पाऱ्याशी जाऊन टेकला. पाणी गार केलं, आकडा परत शून्यावर. पुन्हा तापवलं, पुन्हा उणे ३४. इतका इमानदार तापमापक मी आजवर पाहिला नव्हता. दुर्दैवाने मी दाबमापक मागवला होता.

एवढ्यावरून ही सेवा टाकाऊ आहे असं कुणी समजू नये. वर्षभरात तीन खेपा झाल्या आणि चौथीची ऑर्डर मी आपणहून दिली आहे. आपल्या गरजेनुसार दाब आणि बळ मोजणारे बारीक ऑप्टिकल सेन्सर डिझाइन करून, बनवून, कॅलिब्रेट करून देणारी ही पाच-सहा जणांची मंडळी. नाव लिहीत नाही, कारण पहिल्या खेपेच्या घोळात माझाही वाटा होता. सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं बरं दिसणार नाही.

मी स्वतः स्ट्रेन गेजवाली, म्हणजे धातू किती ताणला गेला हे विजेने मोजणाऱ्या चिकटपट्टीची. बावीस वर्षं धातूची पट्टी घासायची, पुसायची, त्यावर नखाएवढी गेज चिकटवायची, तारा डाग द्यायच्या आणि रात्रभर ती सुकेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे कुणी म्हणालं, की आम्ही प्रकाशाने दाब मोजतो, तर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: बरं, पण चिकटवलंय कशाने? हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता. नव्या विषयाच्या दडपणाखाली विचारला नाही.

गरज अशी होती. आम्ही सिलिकॉन रबराच्या कृत्रिम रक्तवाहिन्यांचं टेस्ट रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, बांधतो. नळीचं भोक ३ मिमी, मध्ये एक जागा मुद्दाम १ मिमीपर्यंत आवळलेली. आवळलेल्या जागेच्या आधी आणि नंतर दाब किती, हे मोजायचं, आणि तेही सगळं रिग एमआरआयच्या ३ टेस्लाच्या चुंबकात असताना. तिथे माझ्या गेजच्या तारा ॲंटेना बनतात: रेडिओ लहरी पकडतात, चित्र खराब करतात, वेळप्रसंगी तापतात. काचेच्या फायबरला चुंबकाचं काही पडलेलं नसतं. दुसरी गरज, सुईच्या टोकावर येणारं बळ मोजण्याची. तिच्याकडे नंतर येते.

हृदयाच्या धमन्यांमध्ये डॉक्टर हेच मोजमाप खऱ्या माणसावर करतात. ०.३६ मिमी जाडीच्या तारेच्या टोकाजवळ दाबाचा सेन्सर असतो, आणि अडथळ्यापलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब ०.८० किंवा त्याहून कमी आला तर तो अडथळा रक्तप्रवाहाला नडणारा धरतात. समजा अलीकडे ९५ आणि पलीकडे ७६ मिमी पारा. गुणोत्तर बरोबर ०.८०. आता सेन्सरचा आकडा नुसता ३ मिमी पाऱ्याने सरकला आणि ७६ च्या जागी ७९ दाखवू लागला, की तेच ०.८३ होतं. निर्णयच उलटतो. म्हणून मी या सेन्सरांकडे बघताना संवेदनशीलता नंतर बघते, आधी ड्रिफ्ट, म्हणजे आकड्याचं हे आपोआप सरकणं.

ऑर्डरआधी त्यांनी एक प्रश्नपत्रिका पाठवली. एकवीस प्रश्न. दाब कुठल्या द्रवात? किती झपाट्याने बदलतो? चुकून जास्त दाब आला तर किती? फायबर कुठे वाकणार, किती त्रिज्येत? जागेवर असताना शून्य करता येईल का? या कागदालाच मी वेगळे गुण देईन. इतकी वर्षं सेन्सर विकत घेते आहे, पण विकण्याआधी इतकं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि सातवा प्रश्न होता: मोजताना तापमान बदलेल का, किती, किती वेळात? मी लिहिलं, ‘नाही. खोलीचं तापमान.’ तेव्हा रिगमधलं पाणी खरोखरच खोलीच्या तापमानाचं असायचं. दोन महिन्यांनी आमच्याच एकाने ते ३७ अंशांवर ठेवायचं ठरवलं आणि मी हे त्यांना कळवायला विसरले. माझा वाटा म्हणते तो हा.

दहा दिवसांनी डिझाइनची दोन पानं आली, आणि ती मी अजून जपून ठेवली आहेत. रचना ऐकायला सोपी आहे. केसाएवढा, म्हणजे ०.१२५ मिमी जाडीचा, टेलिफोनच्या कामात वापरतात तोच काचेचा फायबर. त्याच्या टोकावर ०.२ मिमी बाहेरची जाडी असलेली काचेची नळी. नळीचं तोंड ३ मायक्रॉन जाडीच्या काचेच्या पडद्याने बंद. फायबरचं टोक आणि पडदा यांच्यात २० मायक्रॉनची पोकळी. प्रकाश फायबरमधून येतो, थोडा काचेच्या टोकावरून परततो, थोडा पडद्यावरून, आणि हे दोन परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळून ठरावीक रंगांना उजळतात, ठरावीक रंगांना मारतात. पडदा दबला की पोकळी आखूड होते आणि उजळ-काळ्या पट्ट्यांची ती नक्षी सरकते. १८९९ मध्ये फाब्री आणि पेरो या दोन फ्रेंचांनी टेबलावर मांडलेला हा खेळ आता केसाच्या टोकावर मावतो.

पण मला त्या पानांवरचं आवडलं ते वेगळंच. पडदा किती दबेल हे त्याच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्तावर ठरतं. त्रिज्या निम्मी केली की संवेदनशीलता सोळाव्या हिश्शावर. जाडी निम्मी केली की आठपट वर. म्हणजे सेन्सर अर्धा बारीक करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक नेमकं काय मागतंय, ते या एका ओळीत कळतं. मी आधी ०.१ मिमीचा हट्ट धरला होता. त्यांनी ‘होणार नाही’ असं न म्हणता ही ओळ लिहून पाठवली, आणि हट्ट मीच मागे घेतला.

आमच्या पडद्याचा हिशोब आला एका किलोपास्कलला साधारण १.६५ नॅनोमीटर. म्हणजे १ मिमी पाऱ्याला ०.२२ नॅनोमीटर. काचेत सिलिकॉनचा अणू आणि त्याच्या शेजारचा ऑक्सिजनचा अणू यांच्यातलं अंतर ०.१६ च्या आसपास असतं. एका अणूने शेजारच्याच्या जरा पुढे जावं, एवढी ती हालचाल. मी कागद खाली ठेवला आणि चहा करायला उठले. गेजच्या जगात आपण हजार मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबी हजारात एका भागाने वाढली तर, विद्युतरोधात ०.२ टक्के फरक पडतो म्हणून कुरकुरतो!

तर मग ते उणे ३४.

बाकीचे तीन सेन्सर त्याच पाण्यात सोडले. उणे २७, उणे ३१, उणे ३८. त्यांच्या डिझायनरला फोन लावला. वयाने माझ्या मुलाएवढा असेल. आकडे ऐकून क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, सेन्सर दाबच मोजतोय. फक्त आतल्या हवेचा.”

खरंच होतं. पोकळी बंद करताना खोलीतली हवा आत कोंडली गेली होती. बंद डब्यातली हवा २५ वरून ३७ अंशांवर नेली, तर तिचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो: २९८ ला १२, म्हणजे चार टक्के. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल, त्याचे चार टक्के ४ किलोपास्कल, म्हणजे ३० मिमी पारा. आतली हवा पडद्याला बाहेर ढकलते आणि यंत्राला वाटतं बाहेरचा दाब कमी झाला. शाळेतलं गणित. सातव्या प्रश्नाला मी ‘हो’ लिहिलं असतं तर ते त्याने केलं असतं.

पण हवेचा नियम चारही सेन्सरांना सारखाच. चौघांनीही उणे ३० च दाखवायला हवं होतं. मग २७ आणि ३८ कुठून आले? इथे माझी बावीस वर्षं कामाला आली. मी विचारलं, “फायबर नळीत कशाने पकडलाय?” एपॉक्सीने, म्हणजे डिंकानेच. काच एका अंशाला जितकी फुगते त्याच्या जवळजवळ शंभरपट एपॉक्सी फुगतं. ते नळीत कुठे दोन मायक्रॉन जास्त झिरपलं, कुठे कमी, हे हाताने ठरतं, गणिताने नाही. उरलेला फरक डिंकाचा. तो म्हणाला, “बघतो.” चार दिवसांनी त्याचा फोन आला: तिन्ही नमुने उभे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले होते, आणि ज्यात डिंक सर्वांत आत गेला होता तोच ३८ वाला होता. चूक मान्य करून तिचा फोटो पाठवणारी माणसं मला आवडतात. (चौथा सेन्सर मी परत दिला नव्हता. अजून वापरते, तापमापक म्हणून.)

दुसरी खेप निर्वात पोकळीची. पडदा काचेऐवजी सिलिकॉनचा, आणि तो काचेच्या चिपवर तीन-चारशे अंशांना, शेकडो व्होल्ट लावून, निर्वातातच जोडलेला. डिंक नाही, आत हवा नाही. तापमानाची भानगड जवळजवळ संपली: त्याच १२ अंशांना आता दीड मिमीचा फरक, तोही सगळ्या नमुन्यांत जवळपास सारखा, म्हणजे वजा करता येण्याजोगा.

निर्वात पोकळीचा सेन्सर मात्र निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबासकट सगळा दाब, मोजतो, हे मला शब्दांत माहीत होतं, अंगात भिनलेलं नव्हतं. एकदा रिग लिफ्टने तीन मजले वर नेलं. वर शून्य बघते तर जवळजवळ एक मिमी पाऱ्याचा फरक. मी सगळं उघडून बसले. कनेक्टर पुसले, बुडबुडे काढले, पंपाला शिव्या दिल्या. तासाभराने लक्षात आलं की आपण दहा मीटर वर आलो आहोत आणि तेवढ्या उंचीला हवेचा दाब तितकाच कमी होतो. सेन्सर बरोबर होता. हवामान बदललं की तर सहज सात-आठ मिमी हलतो. आता शेजारी एक साधा बॅरोमीटर ठेवून तो आकडा वजा करते. त्यांच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल अर्धी ओळ आहे, आणि ती अर्धी ओळ ठळक अक्षरांत पहिल्या पानावर हवी होती.

दुसऱ्या खेपेची खरी तक्रार वेगळी. चिपमागे फायबर अजूनही एपॉक्सीनेच धरलेला होता. कोरड्यात सगळं उत्तम, पाण्यात सोडलं की पहिल्या रात्रीत रीडिंग चार मिमी सरकायचं आणि मग स्थिर व्हायचं. एपॉक्सी पाणी पितं आणि फुगतं. फुगलं की चिपला कडेने आवळतं. आवळलेला पडदा दाब आल्यासारखा वागतो. ओल्या जागी गेज चिकटवणाऱ्या कुणालाही हा आजार ठाऊक आहे. त्यावरचा घरगुती उपायही तोच: आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी शून्य करा. मी महिनाभर तसंच चालवलं आणि मग लिहून कळवलं, की कडधान्यासारखा सेन्सर भिजत घालणं मला जमतं, पण ते तुमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

तिसऱ्या खेपेत फायबर आणि चिप लेसरने वितळवून जागच्या जागी जोडली आणि डिंक टोकापासून ४ मिमी मागे नेला, नुसता फायबरला आधार म्हणून. आता पहिल्या रात्रीचं सरकणं अर्ध्या मिमी पाऱ्याच्या आत आहे. प्रकाशाचं गणित पहिल्या खेपेपासून बरोबर होतं. तीन खेपा गेल्या त्या डिंक कुठे असावा हे ठरवण्यात.

आता बळाची सुई. हिच्यात पोकळी नाही; इथे फायबरच्या गाभ्यातच अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास अंतर असलेल्या रेघा प्रकाशाने कोरलेल्या असतात. ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. पांढरा प्रकाश सोडला तर ती एकच रंग परत पाठवते, आमच्या सुईत १५५० नॅनोमीटरच्या जवळचा, आणि ताणली की तो रंग सरकतो. काचेत प्रकाशाने अशी कायमची नक्षी उमटते हे १९७८ साली कॅनडात केन हिल यांच्या गटाला सापडलं. माझी स्ट्रेन गेज १९३८ ची. चाळीस वर्षांनी धाकटी असलेली ही बहीण मला मनापासून आवडली, कारण तिचे आजार आमच्याच घराण्यातले.

सर्वांत मोठा आजार तापमानाचा. नुसत्या फायबरवर १० मिलिन्यूटनचं बळ दिलं तर रंग सुमारे १३ पिकोमीटर (नॅनोमीटरचे हजारावे भाग) सरकतो. तापमान एक अंशाने वाढलं तर १०. सुईत बळ नळी आणि फायबरांमध्ये वाटलं जातं, त्यामुळे बळाचा वाटा आणखी कमी आणि हिशोब आणखी वाईट. म्हणजे सुईला हाताची ऊब लागली तरी यंत्राला कुणीतरी टोचल्यासारखं वाटणार. या मंडळींनी सुईत १२० अंशांवर तीन फायबर बसवले होते. वाकवलं की एक ताणतो आणि समोरचे दबतात, त्यांच्यातल्या फरकावरून आडवं बळ कळतं आणि तापमान आपोआप वजा होतं. पण सरळ, टोकावरून येणारं बळ तिघांनाही सारखंच दाबतं. तापमानही तिघांना सारखंच. दोघांत फरक कसा करणार? त्यांनी चौथा फायबर ठेवला, एका नळीत सैल, कशालाच न चिकटवलेला. तो ताण घेत नाही, ताप तेवढा घेतो. आमच्याकडे याला डमी गेज म्हणतात. ते बघून मी हसले. डिझायनरला त्या नावाचा पत्ताच नव्हता, त्याने स्वतःच्या डोक्याने काढलं होतं.

सुईत एक खोट राहिलीच आहे. टोकाजवळ नळीला लवचीक करण्यासाठी कापे दिले आहेत आणि द्रव आत शिरू नये म्हणून वरून सिलिकॉन रबराची बाही चढवली आहे. ही बाही बळाचा थोडा भाग स्वतः खाते आणि सावकाश सोडते. अर्ध्या न्यूटनपर्यंत चढवत नेलं आणि परत उतरवत आणलं, की मधल्या आकड्यांत २५ मिलिन्यूटनपर्यंत तफावत येते. टोचण्याच्या क्षणी बळ झपकन वाढून पडतं, ते छान दिसतं. सुई आत रुतवून दोन मिनिटं धरली की आकड्यावर विश्वास ठेवू नये. हे त्यांना तीनदा सांगून झालं. पातळ बाही लावली तर ती फाटते, जाड लावली तर ती बळ खाते, असं त्यांचं म्हणणं, आणि दोन्ही खरं आहे. तरी कॅलिब्रेशनच्या कागदावर फक्त चढतीचा आलेख छापणं मला पटलेलं नाही. उतरतीचाही छापा, गिऱ्हाईक पळून जात नाही.

वाचनाच्या डब्याबद्दल, म्हणजे सेन्सरचं रीडिंग घेणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. सेकंदाला हजार रीडिंग देतो, आमच्या नाडीच्या ठोक्यांना भरपूर झालं. रंग बघतो, प्रकाशाचा जोर नाही. त्यामुळे केबल हलली, थोडी वाकली तरी आकडा ढळत नाही. (मी एकदा एलईडी आणि फोटोडायोड घेऊन जोरावर चालणारा सेन्सर घरीच जुळवला होता. कुणी दार लोटलं तरी त्याला दाब वाढल्यासारखं वाटायचं.) पंखा आवाज करतो. सॉफ्टवेअर रुसकं आहे: फाइल स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये ठेवतं आणि साध्या तक्त्यात काढायला चार वेळा क्लिक करायला लावतं. हिरव्या टोकाचे तिरपे कनेक्टर निळ्या टोकाच्या सरळ जोडात घालू नका; आमच्याकडे एकाने घातला, दोन्हींची तोंडं चरली आणि नक्षी फिकी पडली. जोडण्याआधी दर वेळी पुसा. दिसत नाही तो धुळीचा कणही प्रकाशाच्या ९ मायक्रॉनच्या वाटेत धोंड्यासारखा बसतो.

आणि बुडबुडे. सेन्सरच्या टोकावर बुडबुडा अडकला की झटकन बदलणारा दाब गुळगुळीत होऊन येतो आणि सगळं सुरळीत दिसतं, हे सर्वांत धोक्याचं. पाणी आधी उकळून गार केलेलं वापरा, टोक क्षणभर अल्कोहोलमध्ये बुडवून मग पाण्यात न्या. ही युक्ती त्यांनीच सांगितली, फोनवर, मॅन्युअलमध्ये नाही. त्यांचं अर्धं ज्ञान फोनवर आहे. वेळ लागतो म्हणून चिडण्यापेक्षा मी आता प्रश्नांची यादी करूनच फोन लावते.

मोडतोड: तीन खेपांत बारा सेन्सर आले, त्यातले तीन माझ्या हातून गेले. दोन टोक टेबलाला लागून, एक चिमट्याने. टोक उघडं असतं, टोपणाची नळी काढली की श्वास रोखूनच काम करायचं. चौथ्या खेपेत मी टोकाभोवती जाळीची टोपी मागितली आहे. डिझायनरने लगेच विचारलं, की टोपीत बुडबुडे अडकतील, त्याचं काय? मी म्हटलं, तेच तर तू बघायचंस. सोबत नवी प्रश्नपत्रिकाही आली आहे. सातव्या प्रश्नापुढे या वेळी मी ‘हो’ लिहिलं, २० ते ४० अंश, दहा मिनिटांत, आणि खाली रेघ ओढली.